अडीच हजार वस्तीच्या गावातली आर्ट गॅलरी

ग्रीक कला म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? हात तुटलेले, नाक उडालेले संगमरवरी पुतळे. काळ्या-तांबड्या रंगांतले घडे. पार्थेनॉन. म्हणजे जे काही व्हायचं होतं ते येशूच्या आधीच होऊन गेलं आणि नंतरची दोन हजार वर्षं ही मंडळी ऑलिव्ह खात बसली, असा एकूण आपला हिशेब. प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रकंही साधारण हेच सांगतात.

आज ज्या जागेबद्दल लिहायचंय तिथे यातलं काही नाही. समुद्र नाही, निळ्या घुमटांची पांढरी घरं नाहीत, एकही तुटका पुतळा नाही. उत्तर ग्रीसमध्ये पिंडस डोंगररांगेत, साधारण अकराशे-साडेअकराशे मीटर उंचीवर मेत्सोवो नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम अडीच हजार. दगडी घरं, उतरती छपरं, सगळीकडे चढ-उतार. आणि या गावात आधुनिक ग्रीक चित्रकलेची एक अख्खी गॅलरी आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या दोनशेहून जास्त कलाकृती. त्यात अशीही चित्रं आहेत, की जी त्या देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयाला हवीहवीशी वाटावीत.

अडीच हजार वस्ती म्हणजे किती, ते एकदा नीट डोळ्यांपुढे आणा. आमच्या आयटी पार्कमधल्या एका इमारतीत दुपारच्या जेवणाला यापेक्षा जास्त गर्दी असते.

दोनेक वर्षांपूर्वी कामानिमित्त तीन आठवडे थेस्सलोनिकीला होतो. तिथला एक सहकारी शनिवारी म्हणाला, चल तुला डोंगरात चीज खायला नेतो. मी विचारलं, कुठे? तर म्हणाला, "मेत्सोवो. माझ्या डिग्रीवर नाव आहे त्या गावाचं, पण मीसुद्धा कधी गेलेलो नाही."

डिग्रीवर गावाचं नाव? मला वाटलं त्याच्या इंग्रजीची काहीतरी गडबड होतेय. पण नाही. अथेन्समधलं जे राष्ट्रीय तंत्रज्ञान विद्यापीठ आहे (आपल्या भाषेत त्यांचं आयआयटीच म्हणा ना), त्याचं अधिकृत ग्रीक नाव 'राष्ट्रीय मेत्सोविओ पॉलिटेक्निक' असं आहे. देशातलं सगळ्यात मानाचं इंजिनिअरिंग कॉलेज, देशाच्या राजधानीत, आणि नाव डोंगरातल्या गावाचं. दोन-अडीच तासांचा रस्ता होता. आता एग्नातिया नावाचा झकास हायवे झालाय, बोगद्यांमागून बोगदे. त्यामुळे या भानगडीचा उलगडा गाडीतच व्हायला लागला.

तर ही गोष्ट आहे पैशाची. मेत्सोवो हे व्लाख लोकांचं गाव. व्लाख म्हणजे मेंढपाळ, कारवानवाले, व्यापारी. त्यांची घरात बोलायची भाषा ग्रीक नव्हे, लॅटिनच्या कुळातली आहे, आणि ती लिहिली गेली फारच कमी. ऑटोमन राजवटीत पिंडसमधला महत्त्वाचा घाट या गावाच्या हद्दीत येत असल्यामुळे घाट राखण्याच्या बदल्यात गावाला कराच्या सवलती मिळालेल्या. त्यातून व्यापार वाढला, आणि गावातली पोरं बाहेर पडली. कोणी अलेक्झांड्रियाला, कोणी कैरोला, कोणी इटलीच्या बंदरांत. त्यातल्या काहींनी तिकडे प्रचंड पैसा केला.

मग त्या पैशाचं काय झालं? निकोलाओस स्तूर्नारिस, मिखाईल तोसित्सास नि त्यांची पत्नी एलेनी, आणि गेओर्गिओस अवेरोफ या मेत्सोवोकरांनी अथेन्सच्या पॉलिटेक्निकला देणग्या दिल्या. म्हणून ते 'मेत्सोविओ'. यातले अवेरोफ तर एकदम अवाढव्य प्रकरण. १८९६ साली पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, त्याच्या संगमरवरी स्टेडियमचा जीर्णोद्धार त्यांच्या पैशातून झाला. त्यांच्या मृत्युपत्रातल्या रकमेतून एका युद्धनौकेच्या किमतीचा मोठा वाटा उचलला गेला. ती 'अवेरोफ' युद्धनौका आज अथेन्सजवळ संग्रहालय होऊन उभी आहे.

आता यातली गंमत बघा. मिखाईल तोसित्सास वारले १८५६ मध्ये, गेओर्गिओस अवेरोफ १८९९ मध्ये. आणि मेत्सोवो ग्रीसमध्ये आलं १९१२ साली! म्हणजे या लोकांनी ज्या देशाच्या राजधानीत कॉलेज बांधलं, स्टेडियम बांधलं, त्या देशात त्यांचं स्वतःचं गाव नव्हतंच. सरहद्दीच्या पलीकडे होतं. तरी पैसा गेला तो राजधानीकडे. गावालाही त्यांनी दिलं, नाही असं नाही. पण ज्याला 'मोठं' म्हणता येईल ते सगळं अथेन्समध्ये उभं राहिलं.

हे मला फार ओळखीचं वाटलं. गावातून माणूस बाहेर पडतो, शिकतो, कमावतो. गावावर त्याचं प्रेम असतं, खोटं नसतं ते. पण त्याला जे भव्य, सुंदर, 'राष्ट्रीय' वगैरे वाटतं, त्याची जागा त्याच्या डोक्यात ठरलेली असते. शहर. गावाला काय द्यायचं, तर देवळाचा कळस, शाळेच्या दोन खोल्या, पाण्याची टाकी. यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण गावाला कोणी चांगलं पेंटिंग दिलंय असं ऐकलंय का कधी?

तर या गोष्टीतला पुढचा माणूस म्हणजे त्याच घराण्यातले एव्हांगेलोस अवेरोफ. हे राजकारणी. १९५६ ते १९६३ परराष्ट्रमंत्री, १९७४ ते १९८१ संरक्षणमंत्री, नंतर नव-लोकशाही पक्षाचे प्रमुख. शिवाय लेखक. दुसऱ्या महायुद्धात इटालियन फौजांनी त्यांना पकडून इटलीत नेलं होतं, तिथून ते निसटले. १९७३ मध्ये लष्करी हुकूमशाहीविरुद्ध नौदलात उठाव ठरला, त्या प्रकरणातही त्यांना अटक झाली. पण त्याच हुकूमशहांशी बोलणी करून वाट काढावी असंही त्यांचं मत होतं, त्यामुळे त्यांच्याविषयी ग्रीसमध्ये सगळेच चांगलं बोलतात असं नाही. माझा सहकारी त्यातलाच. नाव निघाल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. :-)

पण या माणसानं गावासाठी जे केलं त्याचा क्रम फार विचार करण्यासारखा आहे.

दुसरं महायुद्ध आणि लगेच यादवी युद्ध, त्यामुळे डोंगरातली गावं ओस पडायला लागलेली. तोसित्सास घराण्यातले शेवटचे एक गृहस्थ, बॅरन मिखाईल तोसित्सास, स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. अवेरोफनी पत्रं लिहून लिहून त्यांना पटवलं, आणि १९४७ साली त्यांच्या पैशातून एक प्रतिष्ठान उभं राहिलं. (पुढे दोघांची नावंही जोडली गेली, अवेरोफ-तोसित्सा अशी.) मग या प्रतिष्ठानानं पहिलं काम काय केलं असेल? गॅलरी? मुळीच नाही.

आधी रोजगार. गावातल्या तरुणांना चीज बनवायला शिकायला इटलीत पाठवलं. ते परत आल्यावर डेअरी सुरू झाली, आणि आज 'मेत्सोवोने' नावाचं जे धुरी दिलेलं पिवळसर चीज ग्रीसभर मिळतं ते तिथलं. त्याला युरोपात भौगोलिक मानांकनही आहे. नुसतं खाल्लं तर ठीकठाक, पण तव्यावर परतून दिलं की... असो, विषय भरकटतोय. अवेरोफनी स्वतः फ्रान्समधली काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची रोपं आणून डोंगरउतारावर लावली, त्यातून वायनरी उभी राहिली. लाकूडकामाला चालना दिली. तोसित्सांचा जुना वाडा पडायला आला होता, तो दुरुस्त करून त्यात लोककलेचं संग्रहालय केलं.

हे सगळं व्हायला चाळीस वर्षं गेली. आणि त्यानंतर, सगळ्यात शेवटी, १९८८ साली गॅलरी उघडली. अवेरोफनी स्वतः आयुष्यभर जमवलेली चित्रं त्यात ठेवली. १९९० च्या जानेवारीत ते वारले. म्हणजे गॅलरी उघडल्यावर जेमतेम दीड वर्षात.

आपल्याकडे कलेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "लोकांना आधी पोटाला तर मिळू दे." यात चूक काहीच नाही. फक्त हे वाक्य म्हणणारी माणसं सहसा पोटाचंही काही करत नाहीत नि कलेचंही काही करत नाहीत. ते वाक्य म्हणजे विषय बंद करायची किल्ली असते. मेत्सोवोत ते वाक्य कामाच्या यादीसारखं वापरलं गेलं. आधी पोट. झालं? बरं, आता चित्रं. यादीतलं शेवटचं काम शेवटी का होईना, पण केलं गेलं.

गॅलरी गावाच्या मुख्य चौकाजवळच आहे. चौकात पारावर बसावं तशी म्हातारी माणसं बाकांवर बसलेली असतात. बाजूला चीजची दुकानं, मेंढीच्या लोकरीच्या वस्तूंची दुकानं, आणि तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर हे. कुठेही दडपून टाकणारा प्रकार नाही. आत शिरलात की लाकूड, स्वच्छ उजेड, शांतता. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक वयस्कर जोडपं होतं, बस्स.

मला चित्रकलेतलं फार कळतं असं नाही. पण इथे एक सोय आहे. एका देशाची दीड-दोनशे वर्षं तुम्ही तासा-दोन तासांत क्रमानं बघू शकता. पाय दुखायच्या आत. मोठ्या संग्रहालयांत तिसऱ्या दालनानंतर मी फक्त पाट्या वाचत चालतो, तसं इथे झालं नाही.

सुरुवात होते म्युनिकपासून. ग्रीसची गॅलरी नि म्युनिक कुठून? तर स्वातंत्र्ययुद्धानंतर युरोपातल्या सत्तांनी ग्रीसला राजा दिला तो बव्हेरियाचा राजपुत्र ऑटो. त्यामुळे म्युनिकशी नातं जुळलं, आणि हुशार ग्रीक पोरं चित्रकला शिकायला म्युनिकच्या अकादमीत जायला लागली. त्यांच्या शैलीला 'म्युनिक शाळा' असंच म्हणतात. तपकिरी अंधार, त्यातून उजळलेले चेहरे, अगदी काटेकोर रेखाटन. निकिफोरोस लित्रास, निकोलाओस गिझिस, कोन्स्तान्तिनोस व्होलानाकिस, गेओर्गिओस याकोविदिस ही त्यातली बडी नावं, आणि चौघेही इथे भेटतात.

यातले लित्रास तिनोस बेटावरचे. वडील संगमरवर घडवणारे साधे कारागीर. अठराव्या वर्षी मुलगा अथेन्सच्या कलाशाळेत आला. ही कलाशाळा १८३७ च्या सुमारास सुरू झाली तेव्हा फक्त रविवारी नि सुट्टीच्या दिवशी भरायची, कारण ती होती गवंडी नि सुतार यांच्यासाठी! आणि ऐका, हीच शाळा पुढे वाढत वाढत पॉलिटेक्निक झाली. म्हणजे इंजिनिअरिंग आणि चित्रकला एकाच झाडाच्या फांद्या. कलाशाळा पूर्णपणे वेगळी झाली ती १९३० साली. लित्रास म्युनिकहून परतले नि १८६६ पासून थेट १९०४ मध्ये वारेपर्यंत याच शाळेत शिकवत राहिले. अडतीस वर्षं.

आता धागा जोडा. मेत्सोवोच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून पॉलिटेक्निक मोठं झालं. तिथे लित्रास शिकले, लित्रासांनी शिकवलं. आणि लित्रासांचं एक गाजलेलं चित्र आज मेत्सोवोत आहे. रक्कम राजधानीत गुंतवली आणि शंभर वर्षांनी व्याज गावाला मिळालं, असा हा व्यवहार.

ते चित्र म्हणजे कानारिसनं तुर्की जहाज पेटवल्याचं. १८२२ साली खिओस बेटावर ऑटोमन फौजांनी भयानक कत्तल केली. त्याचा बदला म्हणून जूनमधल्या एका रात्री कोन्स्तान्तिनोस कानारिस नावाच्या खलाशानं आगबोट (म्हणजे खरोखरच आगीची बोट, दारूगोळा नि डांबर भरून शत्रूच्या जहाजाला नेऊन भिडवायची) ऑटोमन आरमाराच्या मुख्य जहाजाला लावली. जहाज सेनापतीसकट उडालं. हाच कानारिस पुढे ग्रीसचा पंतप्रधान झाला. ही गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलाला शाळेत असते. आपल्याला शाहिस्तेखानाची बोटं जशी असतात ना, तशी.

चित्र प्रत्यक्षात फार मोठं नाही. उंची दीड मीटरही भरत नाही. मागे पेटलेलं जहाज, पुढे होडीतून निसटणारी माणसं. सगळ्या चित्रात उजेड आहे तो फक्त आगीचा. चित्र वीरश्रीचं आहे यात शंकाच नाही. पण मी जरा वेळ थांबलो तेव्हा नजर जहाजावरून उतरून वल्ही मारणाऱ्यांवर आली. त्यांच्या अंगावर जो उजेड पडलाय तो माणसं जळत असलेल्या जहाजाचा आहे. विजय मिळालाय, आणि आता जीव घेऊन पळायचंय. पुस्तकातल्या छोट्या फोटोत हे कळत नाही. मी नंतर फोनवर तेच चित्र काढून पाहिलं. नुसता नारिंगी नि काळा डाग दिसतो.

व्होलानाकिस यांची गोष्ट मला विशेष आवडली, कारण ती थोडी आपल्या लोकांची आहे. क्रीटमध्ये जन्म, पोटासाठी ट्रिएस्टला गेले, एका साखरेच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. बंदराचं गाव. हिशेबाच्या वह्यांत हा बाबा जहाजांची चित्रं काढत बसायचा. मालकाच्या हे लक्षात आलं, पण त्यानं नोकरीवरून न काढता म्युनिकला चित्रकला शिकायला धाडलं! असा मॅनेजर सगळ्यांना मिळो. पुढे हाच माणूस ग्रीसमधला सागरचित्रांचा सगळ्यात मोठा चित्रकार ठरला. मरताना मात्र गरिबीत मेला, १९०७ मध्ये.

मग विसावं शतक सुरू होतं आणि भिंतींचा रंगच बदलतो. पार्थेनिस, मालेआस. म्युनिकचा तपकिरी अंधार जाऊन भूमध्य समुद्राचा उजेड येतो. डोंगर जांभळे, झाडं निळी. त्यानंतर गिका, त्सारूखिस, मोरालिस ही पिढी. पॅरिस बघून आलेली, पण बायझंटाइन देवचित्रं आणि आपली लोककलाही न विसरलेली. 'आपण युरोपचे की आपले?' हा जो प्रश्न आपल्याही चित्रकारांना नि लेखकांना छळत आलाय, तो यांच्या चित्रांत जागोजागी दिसतो. आणि उत्तर प्रत्येकानं वेगळं काढलंय.

दालनं संपता संपता माझ्या लक्षात आलं, की यातले बहुतेक जण राजधानीचे नाहीतच. लित्रास नि गिझिस तिनोसचे. याकोविदिस लेस्बोसचे. व्होलानाकिस क्रीटचे. पार्थेनिस अलेक्झांड्रियात जन्मलेले. मोरालिस तर याच इपिरस प्रांतातल्या आर्ता गावचे. देशाची 'राष्ट्रीय' कला बनली ती बेटांवरच्या, सरहद्दीबाहेरच्या पोरांकडून. राजधानीनं त्यांना गोळा केलं, शिकवलं, नाव दिलं. याचं श्रेय राजधानीला द्यायलाच हवं. पण कच्चा माल सगळा बाहेरचा.

बाहेर येऊन कॉफी पिताना सहकाऱ्याशी वाद झाला. तो म्हणाला, "चित्रं सुंदर आहेत, पण इथे का? अथेन्समध्ये एका दिवसात जितके लोक बघतील तितके इथे महिन्यात येत नसतील. हा एका श्रीमंत राजकारण्याचा हट्ट आहे. चित्रं देशाची आहेत."

मुद्दा कमकुवत नव्हता. मी विचारलं, तू अथेन्समध्ये पाच वर्षं शिकलास, राष्ट्रीय गॅलरीत किती वेळा गेलास? म्हणाला, एकदा, शाळेत असताना. आणि नंतर ती बंदच होती ना!

खरंच होती. अथेन्सच्या राष्ट्रीय गॅलरीची मुख्य इमारत विस्तारासाठी २०१३ मध्ये बंद झाली, ती उघडली थेट मार्च २०२१ मध्ये. बंद होण्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, तिथून पिकासो नि मोंद्रियानची चित्रं चोरीला गेली होती. ती सापडली २०२१ च्या जूनमध्ये. आता आठ वर्षं म्हणजे एका मुलाची पहिली ते आठवी. त्या काळात अथेन्सच्या मुलाला आपल्या देशाच्या चित्रकलेचा मुख्य संग्रह त्याच्या इमारतीत बघायला मिळाला नाही, आणि मेत्सोवोच्या मुलाच्या गावात मात्र लित्रास भिंतीवर होता. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवू नये, एवढं तर पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. (राष्ट्रीय गॅलरीच्याही नाफ्प्लिओ, कॉर्फू अशा ठिकाणी शाखा आहेत, म्हणजे त्यांनाही हे सुचलेलं आहेच.)

पण खरं सांगायचं तर बॅकअप हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा वेगळा आहे. 'किती लोक बघतात' हा एक हिशेब झाला. 'एक माणूस तेच चित्र किती वेळा बघतो' हा दुसरा. प्रवासी एकदा येतो, दोन मिनिटं थांबतो, जातो. गावातलं मूल शाळेतून येतं, कार्यशाळेला येतं (गॅलरी मुलांसाठी कार्यक्रम करते), पाऊस आला म्हणून आत शिरतं, कंटाळतं, पुन्हा येतं. त्याच्यासाठी ते चित्र 'बघायची गोष्ट' राहत नाही, ते गावचं होऊन जातं. चौकातल्या झाडासारखं. अडीच हजारांतल्या एखाद्याच पोराला त्यानं काही होईल. पण लित्रासही तिनोसच्या एका वाडीतलं एखादंच पोर होतं की!

हे मी इतकं तावातावानं का बोललो, ते सांगतो. मी तालुक्याच्या गावात वाढलो. गावात शाळा चांगली, वाचनालय बऱ्यापैकी, थिएटर दोन. पण खऱ्याखुऱ्या चित्रकारानं स्वतःच्या हातानं रंगवलेलं तैलचित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते इंजिनिअरिंगला शहरात आल्यावर, वयाच्या अठराव्या वर्षी. तोवर चित्र म्हणजे कॅलेंडर. जवळून बघितलं तर रंगाचा थर उंचवट्यासारखा वर आलेला दिसला, आणि मी चक्क दचकलो होतो. कोणीतरी इथे ब्रश टेकवला, दाबला, उचलला. तो क्षण तिथेच आहे अजून. ही गोष्ट कळायला मला दीडशे किलोमीटर यावं लागलं. माझ्या वर्गातली जी पोरं गावातच राहिली त्यांना ती कळलीच नसेल. त्यांना कमी अक्कल होती म्हणून नाही, तर ती गोष्ट गावात नव्हती म्हणून.

सहकाऱ्याला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तरीपण तो माणूस मला आवडत नाही." ठीक आहे. माझी हरकत नाही. देणारा आवडायलाच पाहिजे असं कुठे आहे?

आणि त्याचा आक्षेप अगदीच सोडून देता येत नाही. एका माणसाचा संग्रह म्हणजे एका माणसाची नजर. काय घ्यायचं, काय सोडायचं हे सगळं त्यानं ठरवलेलं. चौकापासून थोडं वर तोसित्सांच्या वाड्यात ते लोककलेचं संग्रहालय आहे ना, तिथे आम्ही नंतर गेलो. मागावर विणलेली जाडजूड पांघरुणं, तांबडा, काळा, पिवळा. कोरीव लाकूडकाम, भांडी. एकेक पांघरूण असं, की थोड्या वेळापूर्वी पाहिलेल्या कुठल्याही आधुनिक चित्राशेजारी बेलाशक टांगावं. पण गॅलरीत प्रत्येक चित्राखाली करणाऱ्याचं नाव, जन्म-मृत्यूचं साल. इथे विणणाऱ्या बायकांचं नाव नाही. एकाच गावात, एकाच प्रतिष्ठानाच्या पैशाच्या वाटेवर, दोन घरं. एकात नावं आहेत, एकात नाहीत. ज्या व्लाख भाषेत त्या बायका मागावर बसून बोलत असतील, ती आज गावातही प्रामुख्यानं जुन्या पिढीच्या तोंडी उरलीय. हे सगळं गॅलरीमुळे झालं असं अजिबात नाही. पण कोणती गोष्ट 'कला' म्हणून फ्रेममध्ये जाते आणि कोणती 'वस्तू' म्हणून कोनाड्यात राहते, हा प्रश्न एवढ्याशा गावात पाच मिनिटांच्या चढावर भेटतो. मोठ्या शहरात ही दोन संग्रहालयं दोन टोकांना असतात, आपण दुसरीकडे जातच नाही.

परतीच्या रस्त्यावर आमचं बोलणं साहजिकच पैशावर आलं. आम्ही दोघंही तिशीच्या अलीकडचे, दोघंही गाव सोडून आलेले, दोघांच्याही डोक्यावर कर्ज. अवेरोफ नि तोसित्सांसारखे पैसे आमच्याकडे येणार नाहीत हे उघडच आहे. कंपनीचे शेअर कितीही वर गेले तरी. पण मला वाटतं प्रश्न आकड्याचा नाहीये. आपण शहरात येऊन जे काही चांगलं बघतो, ऐकतो, शिकतो, त्यातलं काय गावाला 'परवडेल' हे आपण मनात आधीच ठरवून टाकतो. संगणक परवडतो. वॉटर फिल्टर परवडतो. एक चांगलं मूळ चित्र, एका चांगल्या गायकाची बैठक, हे गावाला 'काय करायचंय'? हा 'काय करायचंय' आपला असतो, गावाचा नव्हे. गावाला कोणी विचारलेलंच नसतं.

त्या सहकाऱ्याचा परवा मेसेज आला. त्याच्या बेटावरच्या शाळेत रिकामा हॉल आहे, तिथे तो आणि त्याचे दोन मित्र उन्हाळ्यात तिथल्याच एका तरुण चित्रकर्तीची चित्रं लावणार आहेत. बारा चित्रं, दहा दिवस. खर्च तिघांत वाटून. मी विचारलं, लोक येतील का? तर म्हणाला, "माहीत नाही. शाळा आहे, मुलं तर येतीलच."

मी सध्या आमच्या गावातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलचं भाडं विचारून ठेवलंय. दिवसाला किती पडेल, भिंतींना ओल आहे का, दुपारी ऊन थेट आत येतं का, वगैरे. ओल आहे म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत गेलो की बघून येतो.